अडेल घोड्याचा दोष

घोडा शिकविणाऱ्यास आपल्या भाषेंत चाबुकस्वार म्हणतात. नांवांतच चाबूक असल्यावर अडेल घोड्यावरील उपाय निराळा सांगावयास नको! युरोपांतहि फार काळ हीच समजूत होती. नेपल्सच्या फेदेरिको ग्रिझोनेनें इ. स. १५५० मध्यें छापलेल्या ग्रंथांत, घोडा पुढें सरेना तर काठीस बांधलेलें मांजर त्याच्या पायांशीं न्यावें, असले तोडगे आहेत.

पॅरिस येथील त्विलरीच्या राजकीय अश्वारोहणशाळेचा प्रमुख गेरिनिएर यानें १७३३ सालच्या आपल्या ग्रंथांत हा प्रश्न वेगळ्या दृष्टीनें पाहिला. घोडा ऐकत नाहीं, कीं त्यास तें जमतच नाहीं? कंबर दुबळी, खांदे आखडलेले, आणि वर स्वार अडाणी! मग तो अडणार नाहीं तर काय करील? सतराव्या शतकांतील इंग्रज सरदार ड्यूक ऑफ न्यूकॅसल हा घोड्यास वर्तुळांत फिरवून लवचिक करीत असे. पण त्यांत भार खांद्यांवर पडतो, हें गेरिनिएरनें हेरलें. त्यानें घोड्यास भिंतीच्या कडेनें सरळ रेषेंत, सावकाश चालविलें. मात्र मान व खांदे किंचित् आंत वळवून. अशा चालींत आंतला पुढचा पाय बाहेरच्यावरून पडतो, आंतला मागचा पाय पोटाखालीं येऊन भार उचलतो, आणि खांदे मोकळे होतात. दिसावयास ही गोष्ट क्षुल्लक. परंतु घोड्याचा पुष्कळसा हट्ट स्वभावांत नसून सांध्यांत दडलेला असतो, हें तिच्यामुळें कळूं लागलें. हा पाठ गेरिनिएर पहिलाहि मानी आणि शेवटचाहि. व्हिएन्नाच्या स्पॅनिश अश्वारोहणशाळेंत तो अद्याप दिला जातो.