तीन सिनेमे, तीन नशिबं: घाशीराम, ‘जाने भी दो यारो’ आणि ‘ओम-दर-ब-दर’

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कापलेत.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगते. आम्ही दोघं जुने मित्र. विसरलेला किंवा मूठभर लोकांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा शोधायचा, एकत्र बघायचा आणि मग त्यावर भांडायचं, एवढाच आमचा उद्योग. आजचं भांडण जरा मोठं आहे. सिनेमा टिकतो कशामुळे? हा माझा दोस्त म्हणतो, “चांगला असेल तर टिकतोच. सोपं आहे.” मी म्हणते, इतकं सोपं नाहीये. त्यासाठी आज एक सोडून तीन सिनेमे. तिन्ही एकमेकांचे नातेवाईक आहेत आणि तिघांचं नशीब वेगळं निघालं.

पहिला: घाशीराम, व्हाया बर्लिन

आधी थोडा इतिहास. घाशीराम सावळदास हा बाहेरून पुण्यात आलेला माणूस. नाना फडणवीसांच्या काळात तो शहराचा कोतवाल झाला. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळलं आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. ही गोष्ट घेऊन विजय तेंडुलकरांनी ‘घाशीराम कोतवाल’ लिहिलं. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यात पहिला प्रयोग झाला. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, आणि नानाच्या भूमिकेत मोहन आगाशे. नानांची बदनामी केली, ब्राह्मणांची केली, असा गदारोळ झाला आणि १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलं. मग त्याच कलाकारांनी ‘थिएटर ॲकॅडमी’ काढली आणि ते पुन्हा उभं केलं. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं.

आता हे ऐका. या नाटकावर १९७६ साली मराठी सिनेमा निघाला होता, हे तुमच्यापैकी किती जणांना माहितीये?

“मला नव्हतं माहीत,” हा म्हणतो. “आणि मी पुण्यात वाढलोय.”

तेच तर! पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मुलांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढली. महाराष्ट्रात साखर सहकारी, दूध सहकारी, मग सिनेमा का नको? दिग्दर्शक म्हणून चार नावं लागली: के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. पटकथा खुद्द तेंडुलकरांची. नाना पुन्हा आगाशेच. आणि घाशीराम म्हणून एक नवा चेहरा, ओम पुरी. त्याच्या अगदी सुरुवातीच्या सिनेमांपैकी हा एक. अंबाल्यात जन्मलेला माणूस मराठी सिनेमात उत्तरेतून पुण्यात आलेला घाशीराम होतो, हे किती चपखल आहे बघा.

साल पण लक्षात घ्या. १९७६ म्हणजे आणीबाणी चालू. एक मोठा माणूस आपल्या सोयीसाठी एका कोतवालाला वाढवतो आणि काम झालं की त्याला जमावाच्या हवाली करतो, ही गोष्ट त्या वर्षी बघणाऱ्याला फक्त पेशवाईची वाटणं कठीण होतं.

आणि मग सिनेमा दिसेनासा झाला. १९७७ मध्ये तो बर्लिन महोत्सवाच्या ‘फोरम’ विभागात दाखवला गेला होता. हा विभाग चालवणाऱ्या लोकांची एक सवय होती. दाखवलेल्या सिनेमांच्या प्रिंट शक्य तितक्या आपल्या संग्रहात ठेवायच्या. ‘आर्सेनल’ या त्यांच्या संस्थेत घाशीरामची प्रिंट राहिली. साडेतीन दशकांनी तिथेच ती डिजिटल झाली आणि डीव्हीडी निघाली. पुण्याच्या कोतवालाची गोष्ट, पुण्यात शिकलेल्या मुलांनी मराठीत केलेली, आणि ती आपल्याला परत मिळाली जर्मनीतून!

“म्हणजे चांगला होता म्हणून टिकला,” हा म्हणतो.

नाही रे बाबा. भारतात तेव्हाही तो तेवढाच चांगला होता. बर्लिनमध्ये फरक एवढाच की कुणीतरी डबा फेकून दिला नाही.

डबा म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

आपल्या पिढीला सिनेमा म्हणजे लिंक वाटते. तेव्हा सिनेमा ही वस्तू होती, चांगली जड. ३५ एमएमचं हजार फुटांचं रीळ जेमतेम ११ मिनिटं चालतं. दोन तासांचा सिनेमा म्हणजे डझनभर रिळं. मूळ निगेटिव्ह एकच, त्यावरून काढलेल्या प्रिंट थिएटरांत फिरायच्या, ओरखडे पडायचे, तुटायच्या, जोडल्या जायच्या. १९५०च्या आसपासपर्यंतची जुनी फिल्म नायट्रेटची, ती भडकन पेटते. नंतरची ॲसिटेटची, ती दमट हवेत सडते आणि डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. वर फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून जुने सिनेमे चांदी काढायला भंगारात गेले.

त्यामुळे आकडे वाईट आहेत. आपल्याकडे हजाराहून जास्त मूकपट बनले. त्यातले पूर्ण-अपूर्ण मिळून अगदी थोडे उरलेत. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज कुणालाच पूर्ण बघता येत नाही. जे तुकडे आहेत ते मिळाले पी. के. नायर नावाच्या माणसामुळे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, ते या माणसाने उभं केलं. गावोगाव फिरून, लोकांची घरं आणि गोदामं धुंडाळून त्यांनी डबे जमवले. आणि तरीही जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि नायट्रेटवरचे जुने सिनेमे जळाले, आपल्या प्रभातचेसुद्धा. संग्रहालय असूनही जळाले. नसतं तर काय झालं असतं, विचार करा.

दुसरा: दोन मित्र आणि एक पडलेला पूल

आता याचा लाडका सिनेमा. “शेवटी आलीस मुद्द्यावर,” हा म्हणतो.

‘जाने भी दो यारो’, १९८३. दिग्दर्शक कुंदन शहा, तेही फिल्म इन्स्टिट्यूटचे. पैसा सरकारी महामंडळाचा, एनएफडीसीचा, सात लाखांच्या आसपास. त्या काळाच्या मानानेही हे फार कमी. विनोद आणि सुधीर हे दोन फोटोग्राफर मित्र मुंबईत ब्यूटी फोटो स्टुडिओ उघडतात, शोभा नावाच्या संपादिकेसाठी काम करतात, आणि बिल्डर, महापालिका आयुक्त, पत्रकार या सगळ्यांच्या साटंलोट्यात अडकतात. शोभा झालीये आपली भक्ती बर्वे, ‘ती फुलराणी’वाली. आणि बिल्डर अहुजा कोण? ओम पुरी. घाशीरामच्या सात वर्षांनी तोच माणूस दारू पिऊन शवपेटीशी गप्पा मारतोय.

हसतो आपण, पण काळ बघा. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट प्रकरणात हायकोर्टाचा निकाल विरोधात गेल्यावर मुख्यमंत्री अंतुलेंना राजीनामा द्यावा लागला होता. त्याच वर्षी गिरणी संप सुरू झाला. शहर गिरण्यांकडून बिल्डरांकडे सरकायला लागलं होतं. सिनेमातला कोसळणारा पूल प्रेक्षकांना परका नव्हता.

प्रदर्शनाच्या वेळी फार धंदा झाला नाही. दिग्दर्शकाच्या पहिल्या सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि खरं आयुष्य मिळालं ते टीव्हीवर आणि व्हिडिओ कॅसेटवर. शेवटचा महाभारताचा प्रवेश लोकांना पाठ झाला. एनएफडीसीकडे निगेटिव्ह सांभाळलेलं होतं, म्हणून २०१२ मध्ये साफसूफ करून तो पुन्हा थिएटरात आला.

पण इथेही एक भोक आहे. अनुपम खेरने यात ‘डिस्को किलर’ नावाची भूमिका केली होती. संकलनात ती अख्खी कापली गेली. एवढा लाडका सिनेमा, आणि तो भाग प्रेक्षकांना कधीच दिसला नाही.

आणखी एक गोष्ट दरवेळी मला टोचते. या सिनेमात सगळी धडपड पुराव्यासाठी आहे. फोटो मोठा करून बघितला तर खून दिसतो. पण पुरावा हातातून जातो आणि खरं बोलणारे दोघं तुरुंगात. पुरावाच उरला नाही तर तुमचं खरेपण काय कामाचं?

तिसरा: हातोहात फिरलेली कॅसेट

‘ओम-दर-ब-दर’, १९८८. दिग्दर्शक कमल स्वरूप. हो, ‘युक्त’मधलेच ते. अजमेर-पुष्करकडचा एक पोरगा, बेडूक, हिरे, जाहिराती, विज्ञान, पुराण, सगळं एकत्र घुसळलेलं.

“मला काहीही कळलं नाही,” हा म्हणतो, “आणि मी दोनदा बघितला.”

दोनदा बघितलास ना? झालं तर मग! बर्लिनला दाखवला गेला, पण भारतातल्या थिएटरात तो लागला थेट जानेवारी २०१४ मध्ये. मधली २६ वर्षं तो जगला कॅसेटवर. कॅसेटवरून कॅसेट, दरवेळी चित्र आणखी पुसट. फिल्मच्या विद्यार्थ्यांनी तो एकमेकांना दिला, रात्री जागून बघितला, आणि त्याचा बोलबाला केला. २०१४ला एनएफडीसीने दुरुस्त प्रत आणली, कारण बघायला माणसं तयार होती.

मग जिंकलं कोण?

तीन सिनेमे, एकाच इन्स्टिट्यूटच्या अंगणातले. एक टिकला परदेशातल्या शिस्तीमुळे, एक टीव्ही आणि सरकारी निगेटिव्हमुळे, एक वेड्या विद्यार्थ्यांमुळे. गुणवत्ता तिघांत होती, पण गुणवत्तेला स्वतःचं कपाट नसतं.

हा अजून हटत नाहीये. “पण कॅसेट कॉपी करणाऱ्याला सिनेमा आवडला म्हणूनच त्याने कॉपी केली ना? म्हणजे सुरुवात चांगलेपणापासूनच.” हे मला मान्य आहे. फक्त आवडणं पुरत नाही, आवडल्यावर कुणीतरी उठून काहीतरी करावं लागतं. तिथपर्यंत आमची तडजोड झालीये.

आता तुमचं काम. ‘फोनवर आहे की’ म्हणून गाफील राहू नका. ॲपवरचा सिनेमा हक्क संपले की एका रात्रीत गायब होतो, आणि तुमच्या हातात डबासुद्धा नसतो. घरी माळ्यावर जुन्या कॅसेट, सुपर-८ची रिळं, लग्नाचे व्हिडिओ पडले असतील तर आधी बुरशी लागली का बघा आणि डिजिटल करून घ्या. गावात फिल्म सोसायटी असेल तर जा. आणि एक विसरलेला सिनेमा एका मित्राला बळजबरीने दाखवा. तो शिव्या घालेल, घालू दे. त्याच्या डोक्यात एक प्रत तयार झाली.

तुमच्या घरच्यांना आठवतो पण कुठेच सापडत नाही असा मराठी सिनेमा कोणता, ते आम्हाला कळवा. सापडला तर पुढच्या वेळी त्याच्यावर भांडू. तोपर्यंत बघत राहा, एकट्याने नको, दोघांनी.