वलय चाचणी, मोडेमची
मोडेमने पाठविलेला संकेत मध्येच परत फिरवून दोषाचे स्थान ठरविण्याची पद्धती. हिचे मूळ तत्त्व तारायंत्राच्या काळातील आहे. आग्र्याहून इंदूरमार्गे मुंबईस येणारी, खानदेश ओलांडणारी तारवाहिनी विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली उभारली गेली आणि १८५५ मध्ये तारसेवा जनतेस खुली झाली. पुढे रूढ झालेल्या मरे वलय चाचणीत सदोष तार पुढील कचेरीत एका निर्दोष तारेस जोडीत व व्हीट्स्टन सेतूने रोधांचे गुणोत्तर काढून दोषाचे अंतर मोजीत. सबंध तार पायी तपासण्याचे श्रम त्यामुळे वाचत.

मोडेमसाठी अशी चार वलये व्ही. ५४ या आंतरराष्ट्रीय शिफारशीत प्रमाणित झाली. त्यांपैकी स्थानिक वलय खानदेशात विशेष उपयोगाचे होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा जळगाव वा धुळे येथील ग्राहकास मुंबईचा क्रमांक एसटीडीने फिरवावा लागे. जोडणी लागून लगेच तुटली, तरी कॉलचा आकार पडेच. स्थानिक चाचणीस मात्र क्रमांक फिरवावाच लागत नसे. ‘एटी&टी१’ हा आदेश देऊन टंकलिखित केलेली अक्षरे मोडेमच्या प्रेषकातून त्याच्याच ग्राहीत येऊन पडद्यावर उमटत; ‘एटी&टी०’ या आदेशाने चाचणी संपे. अक्षरे बिघडून उमटली, तर दोष मोडेममध्ये वा त्याच्या केबलमध्ये असे. जशीच्या तशी उमटली, तर तारजोडीकडे, पावसात ओलावलेल्या सांध्यांकडे किंवा दूरध्वनी केंद्राकडे वळणे योग्य ठरे. दुरुस्तीस कोणाला बोलवावयाचे, मोडेम विकणाऱ्यास की दूरध्वनी खात्यास, हा खर्चाचा प्रश्न त्यावरून बराचसा सुटे.

तथापि ही चाचणी निर्णायक नव्हे. विजेच्या धक्क्याने मोडेममधील तार उचलणारा अभिचालित्र जळाला असला, तरी संकेत त्याच्या अलीकडूनच परतत असल्याने अक्षरे बिनचूक उमटत व निर्दोष तारेवर उगाच संशय येई. दूरस्थ वलयात पलीकडील मोडेमकडून संकेत परतविला जाई. पण त्यासाठी कॉल लावावा लागे आणि पलीकडील मोडेमची संमतीही लागे. सेवा पुरविणाऱ्यांच्या केंद्रांतील मोडेम ती बहुधा देत नसत. १९९८ मधील व्ही. ९० मोडेमांच्या बाबतीत आणखी एक उणीव आढळते. ५६ किलोबिट वेगाचा संकेत केवळ केंद्राकडील अंकीय मोडेमच पाठवू शके, म्हणून ग्राहकाच्या मोडेमला स्वतःचा तो वेग स्वतःवर तपासता येत नसे. भारत संचार निगमाने १७२२३३ हा स्थानिक दराचा क्रमांक दिल्यावर कॉलचा खर्च घटला. २००५ मध्ये सुरू झालेल्या ब्रॉडबँड सेवेनंतर अशा मोडेमांचा वापरच कमी होत गेला.