लोणारचे विवर आणि मंगळ: एका वादाचा इतिहास

मंगळावरील विवरे कशी बनली हे शिकताना तुम्ही बहुधा यानांनी पाठवलेली छायाचित्रे पाहता. त्या प्रश्नाचा एक धागा बुलढाणा जिल्ह्यातील लोणारपर्यंत येतो. या विवराची नोंद ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ मध्ये केली. त्याचा उगम सिद्ध व्हायला पुढे दीडशे वर्षे लागली.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा, तळाशी खारे पाणी, भोवती दख्खनच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे जुन्या भूशास्त्रज्ञांना वाटले तर त्यांना हसू नका. समोरचा पुरावा तेच सांगत होता. अडचण एवढीच की दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि विवराची कड मात्र फारशी झिजलेली नाही.

१८९६ मध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने लोणारचे अमेरिकेतील ॲरिझोनाच्या विवराशी साम्य दाखवले. गंमत अशी की ॲरिझोनाचे विवरही त्याने वाफेच्या स्फोटाचे मानले होते! तुलना अचूक, निष्कर्ष चुकीचा.

आकारावरून हा वाद मिटणारा नव्हता. तो मिटवला एका खनिजद्रव्याने, आणि त्याची कथा बिहारमध्ये सुरू होते. १८६५ मध्ये शेरघाटी येथे उल्का पडली. तिच्यात सापडलेल्या काचेसारख्या द्रव्याला गुस्ताव चेर्माक याने १८७२ मध्ये मॅस्केलिनाइट हे नाव दिले. प्रचंड दाबाच्या धक्क्याने फेल्डस्पारची स्फटिकरचना मोडली की हे द्रव्य बनते. ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी लोणारच्या खडकांतही ते असल्याचे दाखवले. आघाताचा पुरावा हाती आला. पुढे १९८० च्या दशकात शेरघाटीचा तो दगड मुळात मंगळावरचाच, असे मत दृढ झाले. तिथल्या एका आघातानेच तो अवकाशात फेकला गेला होता.

मंगळासाठी लोणारच का? ॲरिझोनाचे विवर वालुकाश्म व चुनखडकात आहे, मंगळाचा पृष्ठभाग मुख्यतः बेसॉल्टचा. रायपुरात बसून हे वाचत असाल तर तुमच्या पायाखालीही चुनखडकच आहे. तिथे असा आघात झाला असता तर चुनखडकातून कार्बन डायऑक्साइड सुटला असता, पण फेल्डस्पारच नसल्याने मॅस्केलिनाइट काही मिळाले नसते. १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळावर चिखल उडाल्यासारख्या कडा असलेली विवरे दाखवली. तो ओघळ जमिनीतील बर्फामुळे की विरळ वातावरणामुळे, हे ताडताना अभ्यासक लोणारच्या कडेबाहेर पसरलेला मलबाही तपासतात.