दुष्काळ, दिवाळं आणि तुकोबांचा देव

मागच्या भागात आपण १६३०-३२ चा दुष्काळ राजकारणाच्या बाजूनं पाहिला. शहाजहान बुऱ्हाणपुरात तळ देऊन बसलेला, निजामशाही मोडकळीला आलेली, फौजांच्या येण्या-जाण्यात गावं उजाड झालेली आणि त्यात पावसानं दगा दिलेला. आज त्याच दुष्काळात देहूच्या एका घरात शिरायचं आहे.

घर वाण्याचं. महाजनकी, दुकान, शेती, उधारीचे कागद आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पंढरीची वारी. गावातलं विठ्ठलाचं देऊळही याच घराकडचं, पूर्वज विश्वंभरबोवांच्या नावाशी जोडलेलं. म्हणजे या घरात देवसुद्धा वतनासारखा, वारशानंच आलेला होता. हे आधी लक्षात ठेवू.

तुकोबांचं जन्मसाल १६०८ धरलं तर दुष्काळात ते बावीस-तेवीस वर्षांचे. आईवडील आधीच गेलेले, थोरले बंधू सावजी विरक्त होऊन निघून गेलेले. धान्याच्या व्यापाऱ्याचं दुष्काळात फावतं असा आपला समज असतो. इथे उलट झालं. ज्यांना उधार दिलं ते फेडणार कशातून? दिवाळं निघालं. थोरली बायको रखमाबाई अन्नावाचून गेल्या. मुलगा संतूही गेला.

हे सगळं तुकोबांनी स्वतःच एका आत्मचरित्रपर अभंगात सांगितलं आहे, अगदी थोडक्यात, जमाखर्च मांडावा तसं. तिथे एक गोष्ट आम्हाला नेहमी थांबवते. बायको गेल्यावर ते आधी बोलतात ते लाजेबद्दल. धान्य विकणाऱ्याच्या घरात माणूस उपाशी मेलं, ही ती लाज असावी, असं आम्हाला वाटतं. पुढे येतं ते देऊळ. साक्षात्कार वगैरे तिथे काही नाही. देऊळ पडलं होतं आणि मनाला आलं ते केलं, एवढंच. ज्या देवानं घर सांभाळायचं, त्याचंच घर मोडलेलं! मग कीर्तन, तेही सुरुवातीला जमत नव्हतं, म्हणून संतांची वचनं पाठ केली. कर्जाचे कागद इंद्रायणीत सोडल्याची कथा महिपतीबोवांची, म्हणजे शंभरेक वर्षांनंतरची. तिच्यातले तपशील जपून घ्यावेत, पण कागद बुडवणारा व्यापारी लोकांच्या लक्षात राहिला हे महत्त्वाचं.

आता या देवाशी तुकोबा बोलतात कसे? भांडतात. त्याला निर्दय म्हणतात, त्याच्यावर फसवणुकीचा आळ घेतात, एका अभंगात तर आपल्यापुरतं त्याचं अस्तित्वच मोडीत काढतात. वारशानं आलेल्या देवाशी कुणी असं भांडत नाही. त्याला नैवेद्य दाखवतात आणि दुकान उघडतात.

दिवाळं निघालं, दुष्काळ पडला ते बरंच झालं, अशा अर्थाचाही त्यांचा अभंग आहे, आणि प्रवचनांतून तोच जास्त ऐकू येतो. कुणाचं मूल गेलं की समोरचा लगेच त्या सुरात सांत्वन करतो. आमचा आक्षेप इथे आहे. तुकोबांनी ते स्वतःच्या नुकसानीबद्दल म्हटलं, तेही मागे वळून पाहताना. दुसऱ्याच्या दारात जाऊन म्हणायचं ते वाक्य नव्हे.

कारण त्याच घरात, त्याच संकटातून गेलेलं आणखी एक माणूस होतं. धाकट्या पत्नी जिजाई. विठ्ठलावर राग काढणारी कजाग बाई म्हणून परंपरेनं त्यांना रंगवलं आणि कीर्तनात त्यांच्यावर हशा पिकतो. पण नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर आणि घरात खाणारी तोंडं, अशा वेळी रोज चूल पेटवायची ती त्यांनीच. त्यांचा राग आणि तुकोबांचं भांडण, दोन्ही एकाच देवाशी. एकाचे अभंग उतरून ठेवले गेले, दुसऱ्याचे बोल राहिले ते चरित्रकारांच्या तोंडून.

१६५० मध्ये तुकोबा गेले तेव्हा, परंपरा सांगते, जिजाई गरोदर होत्या. तो मुलगा नारायण. १६८५ मध्ये देहूहून पंढरपूरला पालखी नेण्याची प्रथा त्यानंच सुरू केली. तिच्याबद्दल पुढच्या भागात.