उपवासाची बिअर

आपल्याकडे दसऱ्याला सोने लुटून झाले की पूर्वी फौजा मोहिमेवर निघत. जर्मनीच्या दक्षिणेकडील बव्हेरिया प्रांतात जवळजवळ त्याच दिवसांत, २९ सप्टेंबरला संत मायकेलचा सण झाला की, आणखी एका फौजेचे सीमोल्लंघन होई. ही फौज बिअर तयार करणाऱ्यांची. तिची मोहीम चाले २३ एप्रिलपर्यंत, म्हणजे संत जॉर्जच्या सणापर्यंत. त्यानंतर चुली विझत, कढया पालथ्या पडत, आणि उन्हाळाभर कोणी बिअर करायची नाही असा राजाचा हुकूम असे.

"दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कसला काढलात?" असे घरातील वडील मंडळी विचारतील. प्रस्तुत लेखकाला ताकापलीकडे कशाची गोडी नाही, तेव्हा पिण्याचा आग्रह होणार नाही याची त्यांनी खात्री बाळगावी. पण वसंताच्या तोंडाशी म्युनिक शहरात जी दाट, गडद बिअर प्यायली जाते, तिच्या पेल्यात मोसम, उपवास, राजा आणि गरिबाचे पोट अशी चौघांची भांडणे विरघळलेली आहेत. तेवढी ऐकायला हरकत नसावी.

प्रथम राजाकडे वळू. १५१६ साली इंगोलश्टाट येथे विल्हेल्म चौथा आणि लुडविग दहावा या दोघा भावांनी, जे बव्हेरियाचे ड्यूक होते, एक कायदा पुकारला. बिअरमध्ये जव, हॉप नावाच्या वेलीची फुले आणि पाणी यांखेरीज काहीही घालायचे नाही, हे त्यातील कलम जगप्रसिद्ध आहे आणि जर्मन माणूस ते आजही अभिमानाने सांगतो. पण तो कायदा मुळातून वाचावा. त्यात शुद्धतेचे एकच वाक्य आहे, बाकी बराचसा भाग दराचा! हिवाळ्यात एक माप, म्हणजे साधारण एक लिटर, बिअरला एक फेनिग. उन्हाळ्यात फार तर दोन. याहून जास्त कोणी घ्यायचे नाही. तिकडे बिअरला 'पातळ भाकरी' म्हणण्याची रीत आहे. भाकरीचा दर सरकारने बांधावा, तसाच हा प्रकार होता. गहू भाकरीसाठी राखून ठेवावा आणि बिअरला जव लावावेत, असाही त्यामागे हेतू होता असे इतिहासकार मानतात.

हिवाळा आणि उन्हाळा यांचा दर वेगळा का, हे आपल्या स्वयंपाकघरातील कोणीही सांगेल. आंबोळीचे पीठ थंडीत सावकाश आंबते आणि वैशाखात एका रात्रीत उतू जाऊन आंबट ढाण होते. बव्हेरियातील बिअरचे विरजण तर खास थंडीतले. पाच-दहा अंश उष्णतेत ते पिंपाच्या तळाशी बसून सावकाश काम करते. उन्हाळ्यात भलतेच जंतू शिरत आणि सारी कढई फुकट जाई. म्हणून १५५३ साली आल्ब्रेख्त पाचव्याने उन्हाळी बिअर करण्यावर बंदीच घातली. गोव्यात काजूची बोंडे पिकली की मार्च ते मे फेणीच्या भट्ट्या पेटतात. तिथे मोसम फळ ठरवते, इथे तो थंडी ठरवी, एवढाच फरक.

बंदी आली तरी उन्हाळ्यात तहान थोडीच थांबते? मार्चमध्ये, थंडी सरता सरता, शेवटची बिअर जरा कडक केली जाई, म्हणजे ती टिकावी. तिचे नावच 'मार्चची बिअर' पडले. ती खोल तळघरांत ठेवीत. पुढे त्या तळघरांत तळ्यांवरचा बर्फ कापून भरू लागले आणि वर सावलीसाठी चेस्टनटची झाडे लावू लागले. झाडांखाली बाके आली, बाकांवर माणसे आली, आणि शहरातले खानावळवाले ओरडू लागले. १८१२ साली राजा माक्सिमिलियन योझेफने तोड काढली: तळघरवाल्यांनी बिअर विकावी, पण खायला पावापलीकडे काही देऊ नये. लोकांनी मग घरूनच शिदोरी नेण्यास सुरुवात केली. म्युनिकच्या त्या झाडांखाली आजही घरचा डबा सोडून बसायला कोणी आडकाठी करीत नाही. राजाज्ञेतून इतका गोड परिणाम क्वचितच निघतो.

वसंतातील कडक बिअर मात्र मूळची म्युनिकची नव्हे. उत्तर जर्मनीत आइनबेक नावाचे गाव आहे. तिथली बिअर दूरदूर जाई आणि म्युनिकच्या दरबारालाही तीच लागे. खर्च फार होऊ लागला तेव्हा १५८९ मध्ये विल्हेल्म पाचव्याने घरचाच कारखाना काढला, तो 'हॉफब्रॉइहाउस'. तरी जिभेवरचे आइनबेक जाईना. तेव्हा पुढच्या राजाने, पहिल्या माक्सिमिलियनने, १६१४ च्या सुमारास आइनबेकचा एलियास पिख्लर हा कारागीरच उचलून आणला. बव्हेरियन तोंडात 'आइनबेक'चे 'आइनपॉक' झाले आणि झिजत झिजत 'बॉक' उरले. बॉक म्हणजे त्यांच्या भाषेत बोकड! म्हणून आजही त्या बिअरच्या चिठ्ठ्यांवर शिंगे उगारलेला बोकड दिसतो. बॉक आणि बोकड यांच्यात काही नाते आहे काय, ते भाषापंडितांनी पाहावे.

आता उपवासाकडे. १६२७ साली इझार नदीच्या पलीकडे आऊ या वस्तीत इटलीतील एका पंथाचे साधू येऊन राहिले. पाओला गावच्या संत फ्रान्सिसचे अनुयायी म्हणून ते पाउलानर. ख्रिस्ती लोक ईस्टरपूर्वी चाळीस दिवस उपवास पाळतात. या साधूंचे व्रत असे की तो आहारनियम बारा महिने पाळायचा. मांस नाही, अंडे नाही, दूध नाही, लोणी नाही. कलाब्रियाच्या उन्हात हे एक वेळ जमेल. बव्हेरियाच्या बर्फात नुसत्या भाजीपाल्यावर राहणे म्हणजे परीक्षाच. परंतु चर्चचा एक सोयीचा सिद्धांत होता, की द्रव पदार्थाने उपवास मोडत नाही. साबुदाण्याची खिचडी उपवासाला कशी चालते हे जो समाज जाणतो, त्याला यापुढे समजावून सांगण्याची गरज नाही. जितकी बिअर दाट तितके पोट भरलेले. साधूंची बिअर दाट होत गेली. एकादशी अन् दुप्पट खाशी!

पोपकडे या बिअरचे पिंप परवानगीसाठी पाठवले, आल्प्स ओलांडताना ते नासले, आणि घोट घेताच पोप म्हणाला की असले पेय पिणे हे प्रायश्चित्तच आहे, अशी एक कथा सांगतात. ती कथाच आहे, इतिहास नव्हे. इतिहासातला कागद वेगळा आहे आणि तो मला जास्त बोलका वाटतो. २४ फेब्रुवारी १६३४ रोजी म्युनिकच्या बिअरवाल्यांनी नगरसभेकडे तक्रार नेली, की हे साधू उरलेली बिअर लोकांना विकून आमच्या धंद्यावर पाणी पाडतात. साधूंच्या बिअरचा हा पहिला लेखी पुरावा. गुणगान शत्रूनेच लिहून ठेवले.

संस्थापकाचा सण २ एप्रिलला, म्हणजे बहुधा उपवासाच्या दिवसांतच येई. त्या दिवसासाठी खास बिअर होई. १७७३ पासून मठातील हे काम बार्नबास नावाच्या साधूकडे आले आणि त्याच्या हाताने या बिअरला कीर्ती मिळाली. १७८० मध्ये ती सर्वांना विकण्याचा खुला परवाना मिळाला. पुढे एकोणीस वर्षांत मठच बरखास्त झाला. साधू गेले, बिअर राहिली. फ्रान्झ झावेर त्साखर्ल नावाच्या व्यावसायिकाने कारखाना आधी भाड्याने घेतला, १८१३ मध्ये विकतच घेतला. बिअरचे नाव झाले 'साल्वातोर', म्हणजे तारणहार.

पण 'पातळ भाकरी'चे खरे मोल राजाला कळले ते १८४४ साली. लुडविग पहिला हा कलांचा शोकी राजा, म्युनिकला अथेन्स करायला निघालेला. त्या वर्षी १ मे रोजी त्याच्या मुलीचे लग्न होते आणि त्याच दिवशी बिअरचा दर वाढला. वाढ किती? मापामागे अर्धा क्रॉयत्सर. संध्याकाळी लोकांनी कारखान्यांच्या खिडक्या फोडायला सुरुवात केली. सैनिकांना पाचारण झाले, तर ते जागचे हलेनात. महाग झालेली बिअर त्यांचीही होती. तीन-चार दिवस शहर धुमसले आणि राजाने दर खाली आणला. तरुण फ्रीड्रिख एंगेल्सने ही बातमी इंग्रज कामगारांच्या पत्राला कळवली. करापुढे सरकार नमते हे एकदा लोकांना समजले की बाकीच्या बाबींतही ते समजेल, असा त्याचा रोख होता. चार वर्षांनी, १८४८ च्या मार्चमध्ये, लुडविगला सिंहासन सोडावे लागले. त्याला कारणे निराळी होती, तरी खिडक्या फोडण्याचा सराव लोकांना आधीच झालेला होता.

मोसमाचे राज्य मात्र एका प्राध्यापकाने बुडवले. कार्ल लिंडे याने १८७३ मध्ये म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यात, मालक गाब्रिएल झेडलमायरच्या मदतीने, थंडी तयार करणारे आपले पहिले यंत्र बसवले. आज घरोघरी जे शीतकपाट घुमते आणि ज्यात आपण कालची आमटी ठेवतो, त्याच्या पूर्वजांत हे बिअरचे यंत्र आहे. आता श्रावणातही मार्च करता येऊ लागला. तरी वसंताची बिअर वसंतातच राहिली. तिला थंडीची गरज उरली नव्हती. लोकांना सणाची होती.

तारणहाराचे नाव फुकट आहे असे पाहून इतर कारखानदारही आपल्या कडक बिअरला 'साल्वातोर' म्हणू लागले होते. १८९६ मध्ये ते नाव व्यापारचिन्ह म्हणून पाउलानरांच्या कारखान्याकडे राखीव झाले. मग बाकीच्यांनी शेपूट तेवढे ठेवले: ट्रिउम्फातोर, माक्सिमातोर, ऑप्टिमातोर. आपल्याकडे एका मिठाईवाल्याचे नाव गाजले की शेजारी 'मूळ', 'अस्सल' आणि 'जुने' उगवतात, तसेच हे.

आणि आपल्या फाल्गुनाच्या सुमारास, आपण शिमग्यात बोंब ठोकत असतो तेव्हा, म्युनिकच्या नॉकरबेर्ग टेकडीवर साल्वातोरचे पहिले पिंप फुटते. साध्या बिअरच्या दीडपट कडक, ७.९ टक्के. पहिला पेला जुन्या रिवाजाप्रमाणे राज्याच्या मुख्यमंत्र्याला देतात, लॅटिन भाषेत अभिवादन करून. बार्नबासच्या काळी तो बव्हेरियाच्या अधिपतीला देत. त्यानंतर व्यासपीठावर एक वक्ता उभा राहतो. काही वर्षे तर नट बार्नबासच्याच झग्यात येई. समोर सर्व पक्षांचे पुढारी ओळीने बसलेले असतात आणि तो एकेकाचे नाव घेऊन त्यांची सालटी काढू लागतो. उठून जाण्याची सोय नसते. चित्रवाणीचे यंत्र प्रत्येकाच्या तोंडावर रोखलेले असते, आणि ज्याचे नाव घेतले जात नाही तो जास्तच हिरमुसतो.