सायकलवरून करंजा

इतिहास शिकायला मला कॉलेज लाभले नाही, सायकल लाभली. कामगार संघटनेच्या कामासाठी गावोगाव हिंडताना तो वाटेवर भेटत गेला.

पनवेलहून करंजाकडे निघाले की जासई लागते. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, वाजवी मोबदला मिळेना, तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी गोळीबारात पाच जण पडले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. आज तेथून कंटेनरच्या गाड्या धडधडत जातात. सायकलवाल्याने कड धरावी, पण स्मारकापाशी उतरावे.

मग वाट वाकडी करून चिरनेर गाठावे. गावातून अक्कादेवीच्या डोंगराकडे पायडल मारताना कळते, रान किती जवळ! चुलीचे सरपण द्यायचे तेच रान सरकारी ठरले होते. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात आठ जण गोळीला बळी पडले. त्यांत नाग्या कातकरी होता.

शेवटी करंजा. द्रोणागिरीवर पोर्तुगीज काळचे अवशेष आहेत. तेथून खाडीचे तोंड पाहिले की राज्यकर्त्यांना ही जागा का हवी होती ते उमगते. १७८२ च्या सालबाईच्या तहाने हे बेट इंग्रजांकडेच राहिले. तहात बेटाचे नाव आहे. येथल्या कोळ्याला, मिठागरातल्या मजुराला कोणी विचारले नव्हते.

धक्क्यावरून रेवसला लाँच जाते. निघावे मात्र पहाटे. दुपारी समुद्रावरचा वारा तोंडावर येतो.