ब्लॅकीच्या २७५ नकला

२४ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेतल्या 'गिटार सेंटर' या वाद्यांच्या दुकानसाखळीत एक नवी कोरी गिटार विक्रीला आली. किंमत २४ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने दहा-अकरा लाख रुपये. तिचा काळा रंग जागोजागी उडालेला होता, दांडीच्या कडा झिजलेल्या होत्या आणि माथ्यावर सिगारेटने जळाल्याचा डाग होता. अशा अगदी सारख्या दिसणाऱ्या २७५ गिटारी फेंडर कंपनीच्या कस्टम शॉपमधल्या कारागिरांनी बनवल्या होत्या. प्रत्येक ओरखडा मोजून, ठरवून पाडलेला. पाहता पाहता सगळ्या विकल्या गेल्या.

ही नक्कल होती एरिक क्लॅप्टनच्या 'ब्लॅकी' नावाच्या इलेक्ट्रिक गिटारची. मी गिटारवादक नाही, संग्राहक तर नाहीच. या विषयाकडे मी वळलो ते निजामी गंजवींमुळे. बाराव्या शतकातला फारसी कवी आणि विसाव्या शतकातली विजेवर वाजणारी गिटार यांचा संबंध काय, हे पुढे येईलच. आधी ब्लॅकीची कहाणी समजून घेऊ.

तीन गिटारींची एक गिटार

१९७० साली क्लॅप्टन अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात एका वाद्यांच्या दुकानात गेला. फेंडरच्या 'स्ट्रॅटोकास्टर' गिटारींना तेव्हा फारशी मागणी नव्हती. जुन्या, वापरलेल्या सहा गिटारी त्याने किरकोळ किमतीत उचलल्या. त्यातली एक जॉर्ज हॅरिसनला, एक पीट टाउनशेंडला आणि एक स्टीव्ह विनवूडला भेट दिली. उरलेल्या तीन खोलून त्यांचे उत्तम भाग निवडले. एकीचे धड, दुसरीची दांडी, तिसरीचे इतर सुटे भाग. ते जोडून जी एक गिटार तयार झाली ती ब्लॅकी. तिच्यातले भाग १९५६-५७ च्या सुमारासचे होते.

जगात जिला 'अस्सल' म्हणून मान मिळाला, ती गिटार मुळात जोडकाम होती. कारखान्यातून ती तशी कधी बाहेर पडलीच नव्हती. संग्राहकांच्या दुनियेत 'ओरिजिनल' या शब्दाला केवढी किंमत आहे हे पाहिल्यावर यातली गंमत लक्षात येते.

जानेवारी १९७३ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमधल्या मैफलीत ब्लॅकी लोकांसमोर आली. त्यानंतर १९८५ पर्यंत ती क्लॅप्टनची मुख्य गिटार होती. रोजच्या वाजवण्याने तिची दांडी इतकी झिजली, की शेवटी त्याला ती बाजूला ठेवावी लागली. तो वाजवताना पेटती सिगारेट माथ्यावरच्या तारेच्या टोकाला खोचून ठेवायचा. तो जळका डाग त्यातूनच आला. १९८८ मध्ये फेंडरने क्लॅप्टनच्या नावाचे मॉडेल बाजारात आणले. एखाद्या वादकाच्या नावाने या कंपनीने काढलेले ते पहिलेच मॉडेल. पण ती गिटार नव्यासारखीच दिसायची. जखमांची नक्कल करण्याची कल्पना अजून रुजायची होती.

जखमा विकत घेणे

फेंडरचे कस्टम शॉप १९८७ मध्ये सुरू झाले. १९९५ मध्ये त्यांनी 'रेलिक' नावाची मालिका आणली. नव्या गिटारी, पण मुद्दाम जुन्या केलेल्या. पातळ लाखेसारख्या रोगणाला तडे पाडायचे, लोखंडी भागांवर गंज आणायचा, हात घासून रंग जिथे उडतो नेमका तिथलाच रंग खरवडायचा. 'रेलिक' हा शब्द युरोपात संतांच्या अवशेषांसाठी वापरला जातो. आपल्याकडे ज्याला तबर्रुक म्हणतात, बुजुर्गांच्या स्पर्शाने पावन झालेली वस्तू, त्याच्या जवळ जाणारा हा शब्द. बाजाराने तो नेमका हेरला. विकली जात होती ती लाकडाची वस्तू नव्हतीच. विकला जात होता स्पर्श, आणि तोही कुणी प्रत्यक्ष केलेला नाही असा.

ब्लॅकीच्या बाबतीत हे सगळे टोकाला गेले. २४ जून २००४ रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलावगृहात मूळ ब्लॅकी ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला विकली गेली. गिटारीसाठीचा तो त्या वेळचा विक्रम होता. घेणारे होते गिटार सेंटर. त्यांनी फेंडरच्या कारागिरांना मूळ वाद्य उपलब्ध करून दिले. मापे घेतली गेली, डाग टिपले गेले आणि २७५ प्रती बनल्या. प्रत्येकीसोबत खास पेटी आणि प्रमाणपत्र.

पैसा कुठे गेला हेही सांगायला हवे. क्लॅप्टन स्वतः हेरॉइन आणि दारूच्या व्यसनातून गेलेला माणूस. १९९८ मध्ये त्याने कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटावर 'क्रॉसरोड्स सेंटर' हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले. त्यासाठी १९९९ मध्ये १०० गिटारींचा लिलाव झाला, त्यातून जवळपास ५० लाख डॉलर आले. २००४ च्या लिलावातून ७० लाखांहून अधिक. नकलांच्या विक्रीतला वाटाही तिकडे वळवला गेला. हे काम मोठे आहे आणि त्याची कदर केलीच पाहिजे.

पण संग्राहकाची अवस्था मोठी विचित्र असते. नक्कल विकत घेतल्यावर ती वाजवायची, तर तिच्यावर स्वतःचा नवा ओरखडा पडणार. तो ओरखडा क्लॅप्टनचा नसल्यामुळे किंमत घटणार. म्हणून यातल्या कितीतरी गिटारी पेटीतच राहतात. वाजवून वाजवून झिजलेल्या वाद्याची नक्कल न वाजवता जपून ठेवायची, असा हा व्यवहार आहे.

लैलाचा पत्ता

ब्लॅकीच्या आधी क्लॅप्टनकडे तपकिरी रंगाची एक स्ट्रॅटोकास्टर होती. तिचे नाव 'ब्राउनी'. १९९९ च्या लिलावात ती ४ लाख ९७ हजार ५०० डॉलरला गेली आणि सिएटलच्या संगीत संग्रहालयात पोहोचली. २०१३ मध्ये तिच्याही १०० नकला निघाल्या. ब्राउनीची ओळख एकच: १९७० मधले 'लैला' हे गाणे तिच्यावर वाजवले गेले.

होय, आपलीच लैला. बनू आमिर कबिल्यातल्या कैसची लैला, जिची कथा निजामींनी ११८८ मध्ये फारसी मस्नवीत गुंफली आणि अमीर खुस्रोंनी पुन्हा आपल्या पद्धतीने सांगितली. क्लॅप्टन तेव्हा आपला मित्र जॉर्ज हॅरिसन याच्या पत्नीच्या प्रेमात होता. निजामींची कथा त्याच्या हाती दिली इयन डॅलस या स्कॉटिश मित्राने. हा डॅलस इस्लामकडे वळलेला होता आणि पुढे शेख अब्दुलकादिर अस्-सूफी म्हणून ओळखला गेला. 'डेरेक अँड द डॉमिनोज' या बँडच्या त्याच अल्बममध्ये 'आय अ‍ॅम युवर्स' नावाचे आणखी एक गाणे आहे. त्याच्या श्रेयनामावलीत क्लॅप्टनच्या बरोबरीने निजामींचे नाव आहे. आठशे वर्षांपूर्वीचा गंजाचा शायर एका रॉक अल्बमचा सहगीतकार!

हे झाले कथेचे. संगीताचा पायाही असाच दुसरीकडून आलेला. क्लॅप्टनचे सारे वादन अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूजवर उभे आहे. 'क्रॉसरोड्स' हे नावसुद्धा रॉबर्ट जॉन्सनच्या १९३६ मधल्या गाण्यावरून आले. मिसिसिपीचा हा कलावंत १९३८ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. मागे २९ गाणी आणि मोजकी छायाचित्रे राहिली. १९७४ मध्ये क्लॅप्टनचे जे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, ते 'आय शॉट द शेरिफ' जमैकाच्या बॉब मार्लीचे. फारसी कथा, काळ्या माणसांचे सूर, कॅरिबियन ताल. इतके सगळे घेऊन हा माणूस मोठा झाला. देवाणघेवाणीत गैर काही नाही, संस्कृती अशाच वाढतात. प्रश्न येतो तो ऋण मानण्याचा.

५ ऑगस्ट १९७६

त्या दिवशी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ओडियन सभागृहात क्लॅप्टनची मैफल होती. दारूच्या नशेत असलेल्या क्लॅप्टनने श्रोत्यांपुढे भाषण ठोकले. परदेशी लोकांनी निघून जावे, ब्रिटन त्यांची वसाहत होता कामा नये, इनॉक पॉवेलला पाठिंबा द्या, असा त्याचा आशय होता. आशियाई आणि कृष्णवर्णीयांसाठी त्याने शिव्याही वापरल्या. पॉवेल म्हणजे तोच राजकारणी, ज्याने एप्रिल १९६८ मध्ये याच शहरात स्थलांतरितांविरुद्ध रक्तपाताची भाकिते करणारे भाषण केले होते.

वेळ लक्षात घ्या. दोनच महिन्यांपूर्वी, जून १९७६ मध्ये लंडनच्या साउथहॉल भागात गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा वर्णद्वेषी हल्ल्यात खून झाला होता. रस्त्यावर नॅशनल फ्रंट या उजव्या पक्षाचा जोर होता. अशा वेळी लाडक्या कलावंताच्या तोंडचे शब्द हवेत विरून जात नाहीत.

छायाचित्रकार रेड साँडर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगीत साप्ताहिकांना पत्र लिहिले. तुझे अर्धे संगीत काळ्या माणसांचे आहे, याची आठवण त्यांनी क्लॅप्टनला करून दिली. त्या पत्रातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या ट्रफाल्गर चौकातून निघालेला हजारोंचा मोर्चा व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोहोचला आणि तिथे 'द क्लॅश', 'स्टील पल्स' यांच्यासारखे बँड वाजले. त्यानंतर चौथ्याच दिवशी, ४ मे रोजी, पूर्व लंडनमध्ये कामावरून घरी निघालेल्या अल्ताब अली या बांगलादेशी कापड कामगाराचा खून झाला. हजारो बंगाली लोक त्याच्या प्रतीकात्मक शवपेटीमागे चालले. ज्या बागेजवळ तो मारला गेला, तिला १९९८ पासून त्याचे नाव आहे.

क्लॅप्टनने स्पष्ट शब्दांत लाज वाटते असे म्हणायला २०१८ उजाडले. ज्या वर्षी ब्लॅकीचा लिलाव झाला त्या २००४ मध्येसुद्धा एका संगीत मासिकाशी बोलताना तो पॉवेलच्या धाडसाची तारीफ करत होता.

लाकडावर न उमटलेले

१९७६ मध्ये क्लॅप्टनची मुख्य गिटार ब्लॅकीच होती. तिच्यावरचा प्रत्येक डाग कारागिरांनी टिपला, सिगारेटचा व्रणसुद्धा सोडला नाही. पण त्या संध्याकाळची खूण लाकडावर पडलेली नव्हती, म्हणून ती २७५ पैकी एकाही प्रतीत उतरली नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला यात नवल वाटत नाही. वस्तू हात लागल्याच्या खुणा ठेवते, बोललेले शब्द ठेवत नाही. ते माणसांनी सांभाळायचे असतात.

क्लॅप्टनच्या गिटारी कुणी घेऊच नयेत, असे मी म्हणणार नाही. त्याचे वादन मलाही आवडते, आणि ज्या पैशातून कुणाचे व्यसन सुटले त्या पैशाला नावे ठेवायची माझी इच्छा नाही. माझा आक्षेप त्या प्रमाणपत्राला आहे. हुबेहूब असल्याची हमी ते देते, आणि आपण हुबेहूब म्हणजे खरे असे धरून चालतो. गिटारीपुरते हे चालून जाईल. पण किल्ले, पुतळे, संग्रहालये, इमारती यांच्याबाबत आपण तेच करतो. दिसणारे डाग जपतो आणि न दिसणारा हिशोब सोडून देतो. मग एखाद्याला लैला परकी वाटते, आणि लैला सांगणाऱ्यांची नातवंडेही परकी वाटू लागतात.

ज्यांच्याकडे या नकला आहेत त्यांनी त्या जरूर जपाव्यात, जमले तर वाजवाव्यातही. पेटीत प्रमाणपत्राला लागून आणखी एक कागद मावेल. त्यावर एका बाजूला निजामी आणि रॉबर्ट जॉन्सन ही दोन नावे लिहावीत, दुसऱ्या बाजूला ५ ऑगस्ट १९७६ ही तारीख. त्या कागदाने गिटारीची किंमत एका डॉलरनेही वाढणार नाही. पण तिचा इतिहास तेवढा पुरा होईल.